कण्याच्या दाहक संधिवाताचे अणुवैद्यकीय निदान

कण्याच्या दाहक संधिवाताचे अणुवैद्यकीय निदान म्हणजे किरणोत्सारी द्रव्याची अत्यल्प मात्रा शरीरात सोडून, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांच्या साहाय्याने पाठीचा कणा आणि तो ओटीपोटाच्या हाडांना जोडणारे सांधे यांतील दाहाचा शोध घेण्याची पद्धत होय. रुग्णालयात ही चाचणी सामान्यतः बोन स्कॅन या नावाने ओळखली जाते. क्ष-किरण चित्रात हाडाची रचना दिसते, तर या चाचणीत हाडातील घडामोड दिसते. त्यामुळे रचना बिघडण्याआधीच रोगाचा सुगावा लागेल, या अपेक्षेने १९७० च्या दशकापासून ती या आजारात वापरली जाऊ लागली. पुढील अभ्यासांत ही अपेक्षा अंशतःच खरी ठरली. आज प्रारंभिक निदानासाठी चुंबकीय अनुस्पंदन चित्रण, म्हणजेच एमआरआय, हीच पसंतीची चाचणी मानली जाते. अणुवैद्यकीय चाचण्यांचे स्थान त्या तुलनेत मर्यादित असले, तरी विशिष्ट परिस्थितीत त्या उपयोगी पडतात.

आजाराचे स्वरूप

कण्याच्या दाहक संधिवाताला वैद्यकीय परिभाषेत अक्षीय स्पाँडिलोआर्थरायटिस म्हणतात. अँकिलॉजिंग स्पाँडिलायटिस हे त्याचे पूर्ण विकसित आणि सर्वाधिक परिचित रूप आहे. हा आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. त्याचा पहिला आघात साधारणपणे त्रिक-श्रोणि सांध्यांवर होतो. कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थी आणि त्याच्या दोन्ही बाजूंची श्रोणीची हाडे यांना जोडणारे हे दोन सांधे कमरेच्या खाली, मागील बाजूस असतात.

कंडरा आणि अस्थिबंध हाडाला जेथे चिकटतात, त्या जागी या आजारात दाह निर्माण होतो. दाहामुळे आधी हाड झिजते आणि नंतर त्या जागी नवे हाड तयार होते. अनेक वर्षे ही प्रक्रिया चालू राहिल्यास मणके एकमेकांना जोडले जातात आणि कणा वेळूसारखा ताठ होतो. एचएलए-बी२७ या जनुकाशी या आजाराचा निकटचा संबंध असल्याचे १९७३ मध्ये स्पष्ट झाले. मात्र हे जनुक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना हा आजार कधीच होत नाही.

दाहक कंबरदुखीची लक्षणे श्रमाने होणाऱ्या कंबरदुखीपेक्षा वेगळी असतात. ती हळूहळू सुरू होते, सकाळी बराच वेळ ताठरपणा राहतो, विश्रांतीने आराम पडत नाही, उलट हालचालीने बरे वाटते आणि मध्यरात्रीनंतर वेदनेने जाग येते. डोळ्याच्या आतील दाह, टाचदुखी, सोरायसिस किंवा आतड्याचा दीर्घकालीन दाह हे विकारही सोबत आढळू शकतात.

निदानाला होणारा विलंब

निरनिराळ्या देशांतील अभ्यासांनुसार पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी सहा ते सात वर्षे जातात. कंबरदुखी ही अतिशय सामान्य तक्रार असणे, हे त्याचे एक कारण आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे चार हजार प्रौढांपैकी जवळपास १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांच्या तक्रारी असल्याचे आढळले. कण्याचा दाहक संधिवात असलेले रुग्ण त्यांत फारच थोडे होते. एवढ्या मोठ्या गर्दीतून मोजके रुग्ण वेगळे काढणे, हीच या निदानातील मुख्य अडचण आहे.

दुसरे कारण क्ष-किरण चित्राच्या मर्यादेत आहे. १९८४ च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांनुसार निदानासाठी त्रिक-श्रोणि सांध्यांतील बदल क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसणे आवश्यक होते. असे बदल दिसायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात आणि काही रुग्णांत ते कधीच दिसत नाहीत. तोवर रुग्णाचे शिक्षण, नोकरी आणि संसाराची उभारणी यांची उमेदीची वर्षे वेदनेत निघून जातात. ही पोकळी भरून काढण्यासाठी हाडातील बदल लवकर टिपणारी चाचणी हवी होती.

अस्थिचित्रणाचे तत्त्व

या चाचणीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी समस्थानिक मिथिलीन डायफॉस्फोनेट या संयुगाला जोडून शिरेवाटे टोचले जाते. हे संयुग हाडातील कॅल्शियमयुक्त स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटते. जेथे रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि नवे हाड बनवणाऱ्या पेशी अधिक क्रियाशील असतात, तेथे ते जास्त प्रमाणात साठते. समस्थानिकातून निघणारे १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण गॅमा कॅमेरा टिपतो. चित्रात अशी जागा इतर हाडांपेक्षा गडद दिसते.

यावरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. ही चाचणी दाह थेट दाखवत नाही, तर हाडाने दाहाला दिलेला प्रतिसाद दाखवते. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, कर्करोगाचा प्रसार, सांध्याची झीज किंवा सांध्यावर सातत्याने पडणारा भार या कारणांनीही असाच प्रतिसाद निर्माण होऊ शकतो. चाचणीची संवेदनक्षमता आणि तिची संदिग्धता या दोन्ही गोष्टी याच एका तत्त्वातून उद्भवतात.

इतिहास

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी शोधले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्नेशियम-९९एम मिळवणारा जनित्र विकसित झाला. त्याआधीच्या अस्थिचित्रणात वापरल्या जाणाऱ्या स्ट्राँशियम-८५ चे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवसांचे होते. त्यामुळे रुग्णाला अत्यल्प मात्राच देता येई आणि चित्रे अस्पष्ट येत. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य केवळ सहा तासांचे असल्याने ही अडचण दूर झाली.

१९७१ मध्ये जी. सुब्रमण्यम आणि जे. जी. मॅकाफी यांनी टेक्नेशियम फॉस्फेट संयुगाला जोडून हाडांचे चित्रण करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये त्यांच्याच गटाने मिथिलीन डायफॉस्फोनेटचा वापर पुढे आणला. त्यानंतर अल्पावधीतच त्रिक-श्रोणि सांध्यांच्या दाहासाठी ही चाचणी वापरली जाऊ लागली.

चाचणीची पद्धत

टोचणीनंतर लगेच आणि पुढील काही मिनिटांत घेतलेल्या चित्रांत रक्तप्रवाह दिसतो. दोन ते चार तासांनंतर घेतलेल्या चित्रांत हाडांतील साठा दिसतो. मधल्या काळात रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगितले जाते. हाडांत न साठलेले द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते. भरलेल्या मूत्राशयातील किरणोत्सारामुळे त्रिकास्थीचा भाग झाकला जाऊ शकतो, म्हणून चित्रणापूर्वी लघवी करून येणे आवश्यक असते. त्रिक-श्रोणि सांधे पाठीच्या बाजूने जवळ असल्यामुळे त्यांचे चित्र मागून घेतले जाते.

संपूर्ण शरीर एकाच वेळी पाहता येणे, हा या चाचणीचा मोठा फायदा आहे. कंबरेसोबतच टाच, गुडघा, छातीच्या फासळ्यांचे सांधे किंवा खांदा येथील दाह एकाच चित्रात दिसू शकतो.

त्रिक-श्रोणि गुणोत्तर

निरोगी व्यक्तीच्या त्रिक-श्रोणि सांध्यांतही शेजारच्या हाडांपेक्षा थोडा अधिक साठा आढळतो, कारण शरीराच्या वरच्या भागाचा सारा भार या सांध्यांतून पायांकडे जातो. शिवाय या आजारात अनेकदा दोन्ही बाजूंचे सांधे सारख्याच प्रमाणात बाधित होतात. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूची तुलना करून उपयोग होत नाही. यावर उपाय म्हणून सांध्यातील साठा आणि त्रिकास्थीच्या मध्यभागातील साठा यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत रूढ झाली.

तथापि हे गुणोत्तर वय, लिंग, शरीराचे वजन, कॅमेऱ्याचा प्रकार आणि मोजणीसाठी निवडलेले क्षेत्र यांनुसार बदलते. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांची क्रियाशीलता जास्त असल्याने गुणोत्तर स्वाभाविकच वाढलेले असते. त्रिकास्थीतच दाह असेल, तर तुलनेचा आधारच बिघडतो. म्हणून प्रत्येक केंद्राला स्वतःची सामान्य मूल्ये ठरवावी लागतात. दुसऱ्या केंद्राची मूल्ये जशीच्या तशी वापरणे धोक्याचे ठरते.

अचूकता आणि तिचा अर्थ

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. त्यानुसार अँकिलॉजिंग स्पाँडिलायटिस निश्चित झालेल्या रुग्णांमध्येही या चाचणीची संवेदनक्षमता सुमारे ५२ टक्के, तर विशिष्टता सुमारे ७८ टक्के होती. म्हणजेच जवळपास निम्मे रुग्ण चाचणीतून निसटतात आणि निरोगी व्यक्तींपैकी सुमारे पाचातील एकाचा अहवाल चुकीने सदोष येतो.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. जुनाट कंबरदुखीच्या १००० रुग्णांपैकी ५० जणांना हा आजार आहे आणि चाचणीची संवेदनक्षमता ५० टक्के व विशिष्टता ८० टक्के आहे, असे मानू. चाचणी ५० पैकी २५ रुग्ण ओळखेल. आजार नसलेल्या ९५० पैकी १९० जणांचा अहवालही सदोष येईल. सदोष अहवाल आलेल्या २१५ व्यक्तींपैकी खरा आजार केवळ २५ जणांना, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांना असेल. हीच चाचणी लक्षणांवरून आधीच निवडलेल्या आणि ३० टक्के लोकांना आजार असलेल्या गटावर केली, तर हे प्रमाण ५० टक्क्यांच्या थोडे वर जाते. त्याच वेळी निर्दोष अहवाल मिळालेल्या सुमारे पाचातील एका रुग्णाला प्रत्यक्षात आजार असतोच. चाचणीचा उपयोग केवळ यंत्रावर अवलंबून नसून ती कोणावर केली जाते यावरही अवलंबून असतो, हे यावरून दिसते.

रोगाच्या अवस्थेचाही निकालावर परिणाम होतो. सांधा पूर्णपणे जुळून गेल्यावर तेथील हाडाची घडामोड मंदावते आणि चित्र पुन्हा सामान्य दिसू लागते. त्यामुळे निर्दोष अहवाल रोगाच्या अगदी सुरुवातीला येऊ शकतो, तसाच तो शेवटच्या टप्प्यातही येऊ शकतो.

सारखी चित्रे निर्माण करणारे विकार

भारतात या चाचणीचा अहवाल वाचताना काही विकारांची विशेष दखल घ्यावी लागते.

क्षयरोग: मणक्यांचा आणि त्रिक-श्रोणि सांध्याचा क्षय भारतात अजूनही आढळतो. तो बहुधा एकाच सांध्यात असतो, परंतु अस्थिचित्रणात त्याचा गडदपणा दाहक संधिवातासारखाच दिसू शकतो. हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. दाहक संधिवातावर दिली जाणारी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर रोधक औषधे शरीरात सुप्त असलेला क्षय जागृत करू शकतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी केली जाते.

ब्रुसेलोसिस: जनावरांच्या संपर्कातून किंवा न तापवलेल्या दुधातून होणारा हा जंतुसंसर्ग त्रिक-श्रोणि सांध्यावर वारंवार आघात करतो. पशुपालन करणाऱ्या कुटुंबांतील रुग्णांत त्याचा विचार करावा लागतो.

फ्लोरोसिस: पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे हाडे दाट होतात, अस्थिबंध कठीण होतात आणि कणा ताठ होतो. महाराष्ट्रात नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. अशा रुग्णाचा ताठ कणा पाहून अँकिलॉजिंग स्पाँडिलायटिसचा भास होऊ शकतो. अस्थिचित्रणात मात्र सर्वच हाडांत साठा वाढलेला आणि मूत्रपिंडे फिकट दिसू शकतात.

यांत्रिक ताण: वाकून, ओझे उचलून दीर्घकाळ श्रम करणाऱ्यांच्या त्रिक-श्रोणि सांध्यांत आजार नसतानाही साठा वाढू शकतो. बाळंतपणानंतरच्या काळातही या भागात असे बदल दिसतात. ऊसतोड, बांधकाम किंवा हमाली करणाऱ्यांच्या अहवालाचा अर्थ लावताना रुग्णाच्या कामाची माहिती असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नवी तंत्रे

स्पेक्ट-सीटी या तंत्रात गॅमा कॅमेरा रुग्णाभोवती फिरून त्रिमितीय चित्र घेतो आणि त्यावर सीटी स्कॅनमधील हाडांची रचना जुळवली जाते. त्यामुळे साठा नेमका सांध्याच्या कडेला आहे की शेजारच्या मणक्याच्या झिजलेल्या सांध्यात आहे, हे ठरवता येते.

पेट-सीटी या तंत्रात फ्लोरिन-१८ पासून बनवलेले सोडियम फ्लोराइड वापरता येते. फ्लोराइडचा अस्थिचित्रणासाठी पहिला वापर १९६२ मध्ये झाला होता. पेट यंत्रांच्या प्रसारानंतर तो पुन्हा प्रचारात आला. हे द्रव्य नव्याने तयार होणाऱ्या हाडाचा मागोवा घेते. याउलट फ्लोरोडीऑक्सीग्लुकोज हे साखरेसारखे द्रव्य दाहातील क्रियाशील पेशींत साठते. ते जंतुसंसर्ग आणि कर्करोग शोधण्यास उपयुक्त असले, तरी त्रिक-श्रोणि सांध्यातील दाहाला ते पुरेसा प्रतिसाद देत नाही. किरणोत्सारी द्रव्य लावलेल्या पांढऱ्या पेशींचे चित्रणही कण्याच्या बाबतीत विश्वसनीय ठरत नाही. तंतुजनक पेशींवरील प्रथिनाला चिकटणारी गॅलियम-६८ युक्त द्रव्ये आणि टेक्नेशियम लावलेली प्रतिपिंडे यांवर संशोधन चालू आहे.

महाराष्ट्रातील अणुवैद्यक आणि समस्थानिकांचा पुरवठा

भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये मुंबईतील परळ येथे स्थापन झाले आणि भारतातील अणुवैद्यकाच्या वाढीत त्याचा महत्त्वाचा वाटा राहिला. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये याच केंद्रात कार्यान्वित झाला. तुर्भे येथील सायरस अणुभट्टी १९६० मध्ये आणि ध्रुव अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. सायरस २०१० च्या अखेरीस बंद करण्यात आली. या अणुभट्ट्यांत वैद्यकीय समस्थानिकांची निर्मिती होत आली आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ नवी मुंबईतून देशभरातील रुग्णालयांना मॉलिब्डेनम-९९, टेक्नेशियम जनित्र आणि अस्थिचित्रणासाठी लागणारे औषधी संच पुरवते. अशा केंद्रांना परवाने देणे आणि त्यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणे, ही कामे १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते.

२००९-१० मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर आणि नेदरलँड्समधील पेटेन येथील अणुभट्ट्या बंद पडल्याने जगभर मॉलिब्डेनमचा तुटवडा निर्माण झाला होता. साधा वाटणारा बोन स्कॅन किती लांबलचक पुरवठा साखळीवर अवलंबून असतो, हे त्या काळात प्रकर्षाने जाणवले.

छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे मराठवाड्याचे वैद्यकीय केंद्र आहे. घाटी या नावाने परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ मध्ये सुरू झाले. मराठवाड्यातील जिल्ह्यांसह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात.

मुंबईपासून रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर दूर असलेल्या या शहराच्या उदाहरणातून समस्थानिकांच्या अर्धायुष्याचे व्यावहारिक महत्त्व कळते. मुंबईत तयार केलेले टेक्नेशियम-९९एम सहा तासांच्या प्रवासात निम्मे उरते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे असल्याने तेवढ्याच वेळात त्याचा जेमतेम दहावा भाग शिल्लक राहतो. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य मात्र ६६ तासांचे आहे. त्याचा जनित्र एका दिवसाच्या प्रवासानंतरही सुमारे ७८ टक्के क्रियाशील असतो आणि त्यातून रुग्णालयातच पुढील काही दिवस रोज ताजे टेक्नेशियम काढता येते. एका आठवड्यानंतर त्याची क्रियाशीलता सुमारे १७ टक्क्यांवर येते आणि नवा जनित्र मागवावा लागतो. सायक्लोट्रॉनपासून दूरच्या शहरांत टेक्नेशियमवर आधारित बोन स्कॅन पेट-सीटीपेक्षा सहज पोहोचण्यामागे हे भौतिक कारण आहे.

किरणोत्सर्ग आणि सुरक्षितता

प्रौढ रुग्णास सामान्यतः ५५५ ते ७४० मेगाबेकरेल क्रियाशीलतेची मात्रा दिली जाते. तीतून शरीराला सुमारे ३ ते ४ मिलिसिव्हर्ट प्रभावी किरणोत्सर्ग मिळतो. तुलनेसाठी, नैसर्गिक स्रोतांतून मनुष्याला वर्षाकाठी जागतिक सरासरीनुसार सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. स्पेक्ट-सीटीमध्ये सीटी स्कॅनच्या मात्रेची त्यात भर पडते. गरोदरपणात ही चाचणी शक्यतो टाळली जाते. या आजाराचे रुग्ण बहुतांशी तरुण असल्याने किरणोत्सर्गविरहित एमआरआय अधिक श्रेयस्कर ठरतो.

सद्यःस्थिती

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट असासच्या २००९ च्या वर्गीकरण निकषांत त्रिक-श्रोणि सांध्यांच्या दाहाचा पुरावा म्हणून एमआरआय किंवा क्ष-किरण चित्र ग्राह्य धरले आहे. अस्थिचित्रणाचा त्यात समावेश नाही. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींनुसारही त्रिक-श्रोणि दाहाच्या निदानासाठी अस्थिचित्रण वापरू नये. एमआरआयमध्ये अस्थिमज्जेतील सूज थेट दिसते, हे या बदलामागील प्रमुख कारण आहे. अर्थात बाळंतपणानंतर किंवा जड श्रमांमुळे अशी सूज आजाराविनाही दिसू शकते. त्यामुळे कोणत्याही चित्राचा अर्थ लक्षणे, शारीरिक तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या यांसोबतच लावावा लागतो.

पेसमेकरसारख्या काही उपकरणांमुळे किंवा बंदिस्त जागेच्या भीतीमुळे एमआरआय करता येत नसल्यास, शरीरात अनेक ठिकाणी वेदना असल्यास, कर्करोगाच्या प्रसाराची शंका असल्यास किंवा जुळून गेलेल्या कण्यात अस्थिभंग झाल्याचा संशय असल्यास अणुवैद्यकीय चित्रण उपयोगी ठरते. काही वेळा दुसऱ्या कारणासाठी केलेल्या बोन स्कॅनमध्ये त्रिक-श्रोणि सांधे गडद दिसतात आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या कंबरदुखीचा प्रथमच गांभीर्याने विचार होतो.

लवकर निदान झाल्यास नियमित व्यायाम, दाहशामक औषधे आणि गरजेनुसार जैविक औषधे यांनी वेदना व ताठरपणा आटोक्यात ठेवता येतो आणि रुग्ण आपले काम सुरू ठेवू शकतो. एकदा जुळून गेलेले मणके मात्र कोणत्याही औषधाने पुन्हा मोकळे होत नाहीत.